लंगोटाचा रंग

तान्ह्या बाळाच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा कशाची होत असेल, तर ती त्याच्या नावाची नाही, नाकाचीही नाही. ती त्याच्या शीची. नाक कोणावर गेलं हा वाद पाहुणे आले की निघतो आणि पाहुण्यांबरोबर चपला घालून निघून जातो. शीचा विषय दिवसातून आठ-दहा वेळा निघतो, आणि दर वेळी नव्या उत्साहाने. झाली का, कधी झाली, किती झाली, पातळ की दाणेदार, रंग कसा होता, वास कसा होता. एरवी जेवताना कोणी ‘पोट जरा बिघडलंय’ एवढं म्हटलं तरी ताट बाजूला सारणारी माणसं हातात चहाचा कप धरून या चर्चेत भाग घेतात, आणि मध्येच बिस्किटही बुडवतात.

माझी भाची बाळंतपणासाठी माहेरी, दातिवऱ्याला आली होती. सफाळ्याला गाडीतून उतरून समुद्राकडे जायचं. वैतरणा जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाशी हे गाव आहे; खाडीपलीकडे अर्नाळा. हिराडोंगरीचा जुना किल्ला गावाला आहे, पण त्या दिवसांत टेहळणीचं खरं ठाणं म्हणजे माझ्या बहिणीच्या घराची ओटी. तिथे बाळाची पणजी बसायची. पणजी म्हणजे बहिणीच्या सासूबाई. मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या सगळ्या घराबरोबर मला मामा म्हणतात. बाळाचा प्रत्येक लंगोट धुवायला जाण्याआधी मावशींच्या समोरून जाई. “उजेडात धर गं,” त्या म्हणत. मग डोळे बारीक करून बघत, वास घेत आणि निकाल देत. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या काळ्या, चिकट शीनंतर जेव्हा पिवळी धमक शी आली, तेव्हा त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि जाहीर केलं, “दूध बसतंय अंगाला.”

शहरातून आलेल्या पाहुण्यांना हे सारं जरा अति वाटलं. मला वाटलं नाही. कारण युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी नावं कमावली ती हेच काम करून. १८८५ साली म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या बाळांची शी तपासून एक जंतू शोधला. त्यालाच पुढे एशेरिखचं नाव मिळालं. तोच हा ई-कोलाय, पाण्याच्या तपासणीत ज्याचं नाव निघालं की विहिरीत औषध टाकायला माणसं धावतात. त्यानंतर १८९९ च्या सुमाराला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिए याने अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीतून आणखी एक जंतू वेगळा काढला. हा वाय अक्षरासारखा दोन फाटे फुटलेला; त्याला आज बिफिडोबॅक्टेरियम म्हणतात. टिसिएला असं दिसलं की आईचं दूध पिणाऱ्या धडधाकट बाळांच्या पोटात याचीच गर्दी असते आणि जुलाब लागलेल्या बाळांत हा फारसा सापडत नाही. जंतुशास्त्रातली दोन मोठी नावं अशी लंगोटातून वर आली. मावशींकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, एवढाच काय तो फरक.

आता प्रश्न असा, की हा दोन फाट्यांचा जंतू आईचं दूध पिणाऱ्या बाळातच का सुखाने राहतो? याचं उत्तर मिळायला अर्धं शतक गेलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॉल ग्यॉर्गी आणि जर्मनीत रिचर्ड कून या दोघांच्या कामातून कळलं, की आईच्या दुधात काही खास गुंतागुंतीच्या शर्करा असतात आणि त्यांच्यावर हा जंतू वाढतो. गंमत पुढेच आहे. या शर्करा बाळाला पचतच नाहीत. बाळाच्या आतड्यात त्या फोडणारी रसायनंच नाहीत. आणि त्या काही चिमूटभर नसतात. आईच्या लिटरभर दुधात त्या साधारण ५ ते १५ ग्रॅम असतात, म्हणजे जवळपास प्रथिनांइतक्या. पहिल्या दिवसांच्या चिकात तर वीस ग्रॅमच्याही पुढे. त्यांचे दीडशेहून जास्त प्रकार ओळखले गेले आहेत. गाईच्या दुधात त्यांचा नुसता मागमूस.

म्हणजे बघा. एक बाई रात्र-रात्र जागून, हाडं झिजवून दूध तयार करते आणि त्यातला एवढा ऐवज अशा पदार्थावर खर्च करते, जो तिच्या लेकराला पचत नाही. तो खातात ते लेकराच्या आतड्यात राहायला आलेले जंतू. बहिणीने खपून केलेल्या डिंकाच्या लाडवांचं नि अळिवाच्या खिरीचं बळ थोडंफार या बिऱ्हाडकरूंकडेही जात होतं. हे मी घरात बोललो नाही. लाडवांचा हिशेब ठेवणारी बाई ओटीवरच बसलेली होती.

पण बाकीचं मात्र माझ्या तोंडून निसटलं. “मावशी, आईच्या दुधात जंतू असतात बरं का,” असं मी म्हटलं आणि ओटीवर शांतता पसरली. मावशींनी सुपारी कातरायची थांबवली.

“मामा, शिकलेले आहात तुम्ही. पण बाळंतिणीच्या घरात असं बोलू नये.”

“चांगले जंतू असतात, मावशी.”

“जंतू कधी चांगले असतात का?”

“दही कशाने लागतं?”

“विरजणाने.”

“आणि विरजण म्हणजे काय?”

“दही,” मावशी म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की एवढंही याला ठाऊक नसेल तर शिकून काय उपयोग.

तर ते विरजणाचं मी त्यांना समजावलं. दह्याच्या विरजणात जे जंतू असतात, त्यांच्याच भाऊबंदांतले काही आईच्या दुधात असतात. पूर्वी डॉक्टरांची समजूत होती की आईचं दूध निर्जंतुक असतं आणि तपासणीत काही सापडलंच, तर ते बाहेरून मिसळलेलं. २००३ साली माद्रिदच्या संशोधकांनी निरोगी आयांच्या दुधातून विरजणाच्या कुळातले जंतू वाढवून दाखवले, तेव्हापासून ही समजूत मोडत गेली. आज असा अंदाज आहे, की दिवसाला पाऊण-एक लिटर दूध पिणारं बाळ त्याबरोबर एक लाखापासून एक कोटीपर्यंत जंतू गिळतं. रोज. म्हणजे हे दूध स्वतःचं विरजण आणि त्या विरजणाचं खाद्य, दोन्ही बरोबर घेऊनच येतं. आतड्यात पोहोचलेले बिफिडो त्या न पचणाऱ्या शर्करांवर ताव मारतात आणि त्यांतून आम्लं तयार करतात. आत आंबटपणा आला की जुलाब घडवणाऱ्या जंतूंचा जम बसत नाही. शिवाय त्या शर्करांचे काही प्रकार दिसायला आतड्याच्या अस्तरासारखे असतात. रोगजंतू फसून त्यांनाच चिकटतात आणि त्यांच्याबरोबर लंगोटातून बाहेर पडतात.

मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणून आंबूस वास येतो तर. डब्याचं दूध पिणाऱ्या पोरांच्या शीला तसा येत नाही. तिची घाण येते.”

हे अगदी बरोबर आहे. पुस्तकातही असंच लिहिलेलं आहे, फक्त जरा लांबवून.

हे जंतू दुधात येतात कुठून, यावर मात्र अजून वाद चालू आहे. काही आईच्या कातडीवरचे, हे नक्की. काही बाळाच्याच तोंडातले. कारण पिताना दूध जसं बाळाकडे येतं, तसं थोडं उलटही जातं आणि बाळाची लाळ दुधाच्या नलिकांत पोहोचते. काही आईच्या आतड्यातून पांढऱ्या पेशींच्या खांद्यावर बसून येतात, असा एक कयास आहे. तो सिद्ध व्हायचा आहे. हिशेब मात्र एका गटाने मांडला. अमेरिकेतल्या १०७ आई-बाळांच्या जोड्यांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्यतः आईच्या दुधावर असलेल्या बाळांच्या पोटात पहिल्या महिन्यात जे जंतू होते, त्यांपैकी सुमारे २८ टक्के दुधातून आलेले होते आणि सुमारे १० टक्के स्तनाग्राभोवतीच्या त्वचेवरून.

या दहा टक्क्यांनी आमच्या घरात मोठी खळबळ केली. कारण भाचेजावई. ते बोईसरला औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहेत. जंतू बाहेर ठेवायचा, याच कामाचा त्यांना पगार मिळतो. काचेच्या बशीत जंतूंची एक वसाहत दिसली, तरी अख्खा माल अडवून ठेवायचा अधिकार त्यांना आहे, आणि हा अधिकार ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून दातिवऱ्याला बरोबर घेऊन आले होते. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी त्यांनी हात चोळायच्या औषधाची बाटली ठेवली. ते ठीकच, येणाऱ्याने हात धुवावेतच. पण दर वेळी पाजण्याआधी बायकोने छाती औषधाच्या कापसाने पुसावी, असाही त्यांचा आग्रह होता. बिचारी दिवसातून दहा-बारा वेळा पुसत होती, कातडी कोरडी पडून चिरा जायच्या बेतात आल्या होत्या आणि फुकट मिळणारं दहा टक्क्यांचं विरजण कापसाबरोबर केराच्या टोपलीत चाललं होतं. रोजची अंघोळ पुरे, हात मात्र स्वच्छ हवेत. एवढं त्यांना पटवायला मावशींना जमलं नाही, मला जमलं नाही, ते आशाताईंना जमलं. “साहेब, हा कारखाना वेगळा आहे,” एवढंच त्या म्हणाल्या.

आशाताई म्हणजे गावची आशा स्वयंसेविका. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं. गंमत अशी, की पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा आणि सटवाई येऊन बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाणार, हेही याच दिवसांतलं. सटवाई एकदाच येते आणि तपासून बघत नाही. आशाताई सहा वेळा येतात आणि वजन करतात.

मावशींची आणि त्यांची खरी लढत गुटीवर झाली. मावशींचा गुटीचा डबा तयार होता: मुरडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ, हळकुंड, आणि ती उगाळायची सहाण, जिच्यावर दोन पिढ्या वाढल्या. शिवाय मधाचं बोट. आशाताईंचं म्हणणं एकच: सहा महिने आईचं दूध, दुसरं काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मी मनातून आशाताईंच्या बाजूचा. त्याचं कारण जुन्या माणसांबद्दलचा अनादर नाही. सहाणेच्या खाचांत, न उकळलेल्या पाण्यात आणि आपल्या बोटावर जे असतं, ते आतड्यात जाऊन बसायला तितकंच उत्सुक असतं. आणि मधाचं तर ठरलेलंच आहे, एक वर्षाच्या आत द्यायचा नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूचे सुप्त बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात जंतूंची दाटी असते, त्यांना तिथे उगवायला जागा मिळत नाही. बाळाच्या आतड्यात अजून सगळी घरं रिकामी असतात. ते तिथे उगवतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मधाचं बोट चाटवायची हौस माणसांची, भोगणार बाळ.

“मग गुटी द्यायची तरी कधी?” मावशींनी विचारलं.

“सहा महिन्यांनी बोलू, आजी.”

“तोवर मी असेन का?”

“असाल की. लंगोट बघायला दुसरं कोण आहे इथे?”

मावशींना हे मानाचं वाटलं. डबा वर माळ्यावर गेला.

पण खरा दोष गुटीचाही नव्हे. मावशींनीच एके दुपारी सहज सांगितलं, की त्यांच्या थोरल्या दोन मुलांच्या वेळी पहिले तीन दिवस दूध पिळून टाकलं होतं. “पिवळं असायचं, जाड. सासू म्हणायची बाधेल.” तोच चीक. बाळाच्या आयुष्यातलं पहिलं, थोडंसंच येणारं, प्रतिपिंडांनी गच्च भरलेलं, जंतूंच्या खाद्याने सगळ्यात समृद्ध दूध. आणि हेच आपण, गावात कोणाची म्हैस व्याली की वाडगं घेऊन तिच्या दारात उभे राहणार. तिच्या चिकाचा वेलदोडा-जायफळ घालून खरवस करणार, वड्या पाडणार, शेजारी वाटणार, डेअरीत जास्त पैसे मोजून घेणार. पारडाच्या हक्काचा चीक माणसाने मिटक्या मारत खायचा आणि माणसाच्या पोराचा चीक मातीत टाकायचा. या व्यवहारात म्हशीने आपल्याबद्दल काय मत बनवलं असेल, याचा विचार करवत नाही.

चीक टाकायची चाल आता बरीच ओसरली आहे, पण घाई अजून आलेली नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे डॉक्टर आहे, नर्स आहे, भिंतीवर तक्ता आहे, आणि बाळ कुठे आहे? तर कपड्यात गुंडाळून नातेवाइकांत फिरतंय, फोटो निघतायत. पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा झाला तो १ ऑगस्टला, आणि जागतिक स्तनपान सप्ताहही सुरू होतो १ ऑगस्टलाच. जिल्ह्याचा वाढदिवस साजरा करायला याहून सोयीचा कार्यक्रम कुणाला सुचायचा नाही.

सिझेरियनच्या बाळाची गोष्ट थोडी वेगळी. जन्मवाटेने येताना आईचे जे जंतू अंगाला लागतात, ते त्याला नीट मिळत नाहीत. इंग्लंडमध्ये सुमारे सहाशे बाळांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात हा फरक स्पष्ट दिसला, आणि सिझेरियनच्या बाळांच्या पोटात दवाखान्यातले जंतू जास्त आढळले. काही महिन्यांत फरक बराचसा भरून येतो. तोवर दुधाचा आधार. म्हणून टाके दुखत असतानाही त्या बाईला बाळ जवळ घ्यायला कोणीतरी हात द्यावा लागतो. तो देणारं माणूस पुष्कळदा चहा प्यायला गेलेलं असतं.

श्रीमंत देशांत तर आता उलटीच तऱ्हा झाली आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या मंडळींनी २००८ मध्ये इन्फॅन्टिस नावाच्या बिफिडोची सगळी जनुकं वाचून काढली. आईच्या दुधातल्या त्या अवघड शर्करा उचलून आत नेऊन फोडायची अख्खी अवजारपेटी त्याच्यापाशी निघाली. आणि तोच तिकडच्या बाळांच्या पोटातून दिसेनासा होत चालला आहे. बांगलादेश, गांबिया अशा देशांतल्या बाळांत मात्र अजून सुखाने नांदतो. जुन्या नोंदी चाळून कोणी हिशेब केला, तर शंभर वर्षांत स्तनपान करणाऱ्या बाळांच्या शीचा आंबटपणाही उतरत गेलेला निघाला. आता तिकडे हा जंतू पुडीत घालून विकतात. आपल्याकडे ओडिशात ४,५५६ नवजात बाळांच्या अभ्यासात काहींना आईच्या दुधाबरोबर आठवडाभर एक जंतू आणि त्याचं खाद्य देऊन पाहिलं. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. हे २०१७ मध्ये नेचरमध्ये आलं. प्रयोग नावाजण्यासारखा, पण म्हणून औषधाच्या दुकानातून कुठलीही पुडी आणून बाळाला पाजायची नाही. कोणता जंतू, किती, कोणत्या बाळाला, हे ठरवायला डॉक्टर लागतो.

आईचं दूधच मिळत नसेल त्या बाळांचं काय, याचं एक उत्तर मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आहे. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथे दुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. एका आईचं जादा दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला. ते दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवून मग गोठवून ठेवतात. या उष्णतेत चांगले-वाईट जवळपास सगळेच जंतू जातात, म्हणजे विरजण संपलं. पण त्या शर्करा टिकतात. पेढीचं दूध आईच्या ताज्या दुधाची बरोबरी करत नाही, हे खरं. पण काचेच्या पेटीतल्या सव्वा किलोच्या बाळाचं आतडं सडण्यापासून वाचवायला डब्याच्या दुधापेक्षा ते कितीतरी सरस ठरतं. अनोळखी बायकांनी अनोळखी लेकरांसाठी दूध द्यावं, याहून मोठं पुण्य मुंबईत दुसरं कुठलं होत असेल, असं मला वाटत नाही.

राहता राहिला तो दूध न पुरण्याचा प्रश्न. किनाऱ्यावर यावर मोरीचं कालवण हा उपाय. मोरी म्हणजे लहान शार्क. ती बाळंतिणीला दिली की दूध उतरतं, असं मानतात. अळीव, शतावरी, शेपू यांचीही तीच कीर्ती. खाऊ द्या, प्रथिनं पोटात जातात आणि चव चांगली असते. पण दूध वाढतं ते मुख्यतः बाळाने ओढल्याने. जितकं रितं होईल तितकं भरतं, आणि रात्रीचं पाजणं त्यात फार मोलाचं. काही जणींना हे सगळं करूनही दूध पुरत नाही; आजार असतो, औषधं चालू असतात. त्यांच्या बाळांची आतडीही मार्गाला लागतात. त्यांच्याकडे बघून उसासे टाकणाऱ्या पाहुण्यांनी कुठल्याही जंतूची वाढ झाल्याचं अजून नोंदलं गेलेलं नाही.

तेव्हा बाळ बघायला जाल तर मधाची बाटली नेऊ नका, ग्राइपवॉटर नेऊ नका, बाळाचे मुके घेऊ नका. न्यायचाच तर बाळंतिणीसाठी गरम डबा न्या, आणि जाताना तिची चार भांडी घासून या. आणि ‘दूध पुरतं का गं?’ हा प्रश्न अगदी ओठांवर आलाच, तर तो गिळून तिच्या नवऱ्याला विचारा, की रात्री तू किती वाजता उठतोस?